घाट उतरताना खालचा गिअर कसा टाकावा?

नायगावची जमीन सपाट आहे. पश्चिमेला उमेळ्याकडे जा किंवा पूर्वेला जूचंद्र, बापाण्याकडे. मिठागरे, खाजणे आणि वाड्या यांतून रस्ता एका पातळीवर जातो. चढ म्हटला तर रेल्वेवरचा पूल. अशा रस्त्यांवर मोटार शिकलेल्या माणसाचा हात स्टिअरिंगवर चांगला बसतो, वरचे गिअर टाकायलाही तो लवकर शिकतो. परंतु उतारावर खालचा गिअर टाकण्याची सवय त्याला सहसा लागत नाही. पुढे एके दिवशी भाजीच्या करंड्या किंवा केळी भरून त्याची पिकअप वाशीच्या बाजार समितीकडे निघते. बापाण्याला महामार्ग लागतो, मालजीपाडा मागे पडतो, वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून घोडबंदरच्या रस्त्याला वळले की गायमुखचा घाट येतो. पहाटेची वेळ, पुढे-मागे अवजड ट्रक, गाडीत पुरा भार. पहिल्या खऱ्या उताराशी गाठ पडते ती अशी.

हा घाट फार उंच नाही. पण बागायतदार नाशिककडेही जातात, आणि तेथे कसाऱ्याचा घाट आहे. इगतपुरी व कसारा या दोन गावांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. जव्हार, मोखाड्याच्या बाजूलाही उतार कमी नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्यांनी ही गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे.

ब्रेक का तापतो?

भरलेली गाडी २,००० किलो वजनाची आहे असे धरू. ती १०० मीटर उंची उतरली की जी शक्ती मोकळी होते, तिची उष्णता केली तर सुमारे साडेसहा लिटर साधे पाणी उकळीला येईल. कसाऱ्याच्या घाटात याच्या तिप्पट. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही उष्णता कोठेतरी गेलीच पाहिजे. सतत ब्रेक दाबून उतरलो तर त्यातील बहुतेक भाग चार चाकांच्या ब्रेकमध्ये जातो. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. पेडल नेहमीसारखे दाबले जाते, पण गाडी थांबत नाही. उष्णता आणखी वाढल्यास ब्रेक ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जाते.

येथे आपल्या किनारपट्टीच्या हवेचाही संबंध येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या तेलाचा तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डबीतील पातळी बरोबर आहे म्हणून तेल चांगले आहे असे समजू नये. साधारणपणे दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ते पूर्ण बदलून घ्यावे. फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नये.

खालचा गिअर काय करतो?

गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनातील दाब आणि घर्षण चाकांना अडवते. गिअर जितका खालचा, तितके इंजिन जास्त फिरते आणि अडवणूक जास्त होते. ही उष्णता रेडिएटरमधून व सायलेन्सरमधून बाहेर जाते, ब्रेक थंड राहतात. मोठ्या ट्रकला याखेरीज एक्झॉस्ट ब्रेक असतो. छोट्या पिकअपला तो बहुधा नसतो. म्हणून तिचा भरवसा खालच्या गिअरवरच.

ही काही तज्ज्ञांची चैन नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १५ मध्ये लायसन्सच्या परीक्षेत काय काय करून दाखवायचे ते दिले आहे. त्यात उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येणे हे स्पष्टपणे नमूद आहे. सपाट मैदानावर आठचा आकडा काढून लायसन्स मिळालेल्यांनी हा भाग स्वतःच शिकून घ्यावा.

दोन वेग जुळवणे

आता मुख्य मुद्दा. समजा, चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये त्याला सुमारे २,१०० आणि दुसऱ्यात सुमारे ३,३०० फेरे घ्यावे लागतील. (आकडे गाडीगणिक थोडे बदलतात.) क्लच दाबल्यावर मात्र इंजिनाचा वेग वाढत नाही, उलट पडतो. अशा वेळी तिसरा टाकून क्लच एकदम सोडला तर संथ इंजिनाला चाकांनी झटक्याने ओढावे लागते. जुवाखाली एक बैल धावत असावा आणि दुसरा रेंगाळत असावा, तसा हा प्रकार. हिसका बसतो, क्लच प्लेट झिजते.

उपाय सोपा आहे, हाताला बसायला मात्र वेळ लागतो. आधी ब्रेक लावून वेग कमी करावा. क्लच दाबावा. गिअर चौथ्यातून काढून तिसऱ्याकडे नेत असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला हलकी, क्षणभराची रेस द्यावी, म्हणजे इंजिन १,५०० वरून २,१०० च्या आसपास येईल. तिसरा पडला की क्लच सोडावा. रेस बरोबर बसली तर गिअर बदलल्याचे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. गाडी पुढे ढकलली गेली तर रेस जास्त झाली, मागे ओढली गेली तर कमी झाली. हे कान आणि पाठच सांगतात. फेऱ्यांचा काटा बघत बसू नये, डोळे रस्त्यावर हवेत.

जुन्या जीपवर शिकलेली वडीलधारी मंडळी ‘डबल क्लच’ मारीत. त्या जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे, म्हणजे दोन चक्रांचा वेग आधी घासून सारखा करणारे पितळी कडे नसे. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, असे करावे लागे. मोटारीत सिंक्रोमेश १९२८ पासून येऊ लागला आणि आज बहुतेक गाड्यांत पुढच्या सर्व गिअरना तो असतो, त्यामुळे रोज डबल क्लचची गरज नाही. तथापि गिअरबॉक्स जुनी होऊन खालचा गिअर कुरकुरत असेल तर ही युक्ती अजूनही कामी येते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच पायाने दाबण्याची शर्यतवाल्यांची रीत मात्र भरलेल्या पिकअपमध्ये करू नये. पायात चप्पल असेल तर मुळीच नाही.

सराव सपाटीवर करावा. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, ताशी ४० ला चौथ्यातून तिसरा आणि ३० च्या खाली तिसऱ्यातून दुसरा. रोज दहा-पंधरा वेळा केले तर थोड्याच दिवसांत रेसचा अंदाज येतो. घाट हे शिकण्याचे ठिकाण नव्हे.

घाटात

गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा, उताराने वेग घेतल्यावर नव्हे. क्लच दाबलेल्या क्षणी गाडी मोकळी सुटते. भरलेली गाडी तेवढ्यात वेग घेते, आणि मग खालचा गिअर पडेलच असे नाही. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब बहुतेक ठिकाणी बरोबर ठरतो. त्यानंतरही वेग वाढू लागला तर ब्रेक जरा जोरात लावून वेग उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. पाय सतत हलका टेकवून ठेवल्यास ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळत नाही. मी स्वतः अशाच सवयीने एकदा कसारा घाटात जळक्या लायनरचा वास घेत उतरलो आहे. त्या दिवशी चौथा गिअर सोडायला मला संकोच वाटत होता, कारण इंजिनाचा आवाज वाढला की गाडी खराब होते अशी समजूत होती. तसे होत नाही. फेरे मर्यादेत असले की झाले.

मर्यादा ओलांडण्याचा धोका वेगळा आहे. ताशी ८० ला पाचव्यातून चौथा टाकताना हात चुकून दुसऱ्यात गेला, तर वरच्या हिशेबाने इंजिनाला ६,६०० फेरे घ्यावे लागतील. छोटी डिझेल इंजिने साधारण ४,५०० ते ५,००० फेऱ्यांसाठी केलेली असतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जाऊ शकते. म्हणून एकेक गिअर उतरावा, आणि आधी वेग कमी करावा.

परतीच्या प्रवासाकडे फार कोणी लक्ष देत नाही. जाताना भार असतो आणि ब्रेक तापतात. येताना गाडी रिकामी असते आणि मागची चाके हलकी असतात. बहुतेक पिकअप गाड्यांची ओढ मागच्याच चाकांना असते. पावसात, तेलकट रस्त्यावर, रेस न देता दुसरा टाकून क्लच झटकन सोडला तर ती चाके क्षणभर अडतात आणि गाडीचा मागचा भाग घसरतो. रेस जुळवण्याची खरी कसोटी येथे लागते.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे ही घातक समजूत आहे. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसला तर इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. चावी बंद करणे तर त्याहून वाईट. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते आणि चावी काढली तर ते अडकू शकते.

ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर हे सर्व अधिकच काटेकोरपणे पाळावे. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या दोनच चाकांना असतात आणि ट्रॉलीला अनेकदा ब्रेकच नसतो. शेतातून रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडावीत. उताराच्या वर ट्रॅक्टर थांबवून खालचा गिअर टाकावा आणि मध्ये बदलू नये.

इतके करूनही ब्रेक सैल लागला तर घाबरून गाडी मोकळी सोडू नये. पेडल भराभर दोन-चार वेळा मारावे, रेस देऊन एक-एक गिअर खाली यावे, हॅण्डब्रेक थोडा-थोडा ओढावा आणि गाडी दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला घ्यावी. थांबल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये, ड्रम तडकतो. अर्धा-पाऊण तास गाडी उभी ठेवावी, चाकाखाली दगड लावावा, आणि ब्रेक पुन्हा कडक लागल्याशिवाय निघू नये. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाकावा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो अंधारात दिसत नाही.