किल्ली कुणाकडे?

नाशिकमधल्या एका छोट्या कार्यशाळेत मी 22 वर्षं शिकवते आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की विशेष शाळा संपते आणि मुलं आमच्याकडे येतात. कुणाला डाउन सिंड्रोम, कुणी स्वमग्न, कुणाला सेरेब्रल पाल्सी. बऱ्याच जणांच्या प्रमाणपत्रावर नुसतंच 'बौद्धिक अक्षमता' आणि पुढे एक टक्केवारी. प्रवेशाच्या वेळी पालकांना मी एक जास्तीचा प्रश्न विचारते : 'घराची किल्ली याच्याकडे असते का?' बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. 'हा एकटा कुठे असतो? किल्ली कशाला?' असं तेच मला विचारतात.

आमच्या गावात या कामाची वाट जुनी आहे. रजनीताई लिमये यांनी 1977 साली 'प्रबोधिनी' ही विशेष शाळा सुरू केली. त्या काळी पालकांची वणवण असायची ती शाळेसाठी. आज शाळा आहेत. वणवण सुरू होते ती शाळा सुटल्यावर, पुढच्या चाळीस वर्षांसाठी. त्या चाळीस वर्षांच्या तयारीत मला जे कळलं, आणि जे फार उशिरा कळलं, ते लिहिते आहे.

1. 'येतं' म्हणजे काय येतं, ते बघावं

'त्याला चहा येतो हो,' असं एक आई कौतुकाने सांगत होत्या. म्हटलं, दाखवा. आईंनी पातेलं ठेवलं, पाणी मोजलं, गॅस पेटवला आणि 'आता साखर' म्हणाल्या. मुलाने साखर टाकली. चहा पावडरीचा चमचा आईंनीच भरून हातात दिला, त्याने तो उपडा केला. गाळला आईंनी. चहा येत होता तो आईंना. मुलगा शेजारी हजर होता, एवढंच.

आम्ही चहाचे 23 टप्पे लिहून काढले. 'पातेलं घेणे' हा एक टप्पा आणि 'लायटर जागेवर ठेवणे' हाही एक. शिकवायला सुरुवात केली ती शेवटाकडून. पहिले दहा-बारा दिवस त्याने फक्त कपात ओतलेला चहा बाहेर नेऊन द्यायचा. मग ओतायचा आणि द्यायचा. मग गाळायचा, ओतायचा आणि द्यायचा. पहिल्या टप्प्यापासून शिकवलं की पोर चौथ्या टप्प्याला कंटाळतं, उरलेलं आपण उरकतो आणि पूर्ण झालेलं काम त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. शेवटाकडून गेलं की पहिल्याच दिवशी पाहुण्याला चहा त्याने दिलेला असतो, आणि 'वा, छान झालाय' हेही त्यालाच ऐकायला मिळतं.

लायटरच्या आवाजाला तो दचकायचा, म्हणून त्याच्यासाठी इंडक्शनची शेगडी घेतली. सगळं मिळून पाच महिने लागले. दूध उतू जाण्यावर मात्र आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. माझंही जातं.

2. मोजता येत नाही म्हणून काम अडू नये

दिवाळीआधी आमच्याकडे उटण्याची पाकिटं भरतात, 50 ग्रॅमची. एका मुलीला आकडे वाचता येत नाहीत. काट्याच्या शेजारी आम्ही एक कार्ड चिकटवलं, त्यावर काट्यात दिसतो तसाच 50चा आकडा काढलेला. काट्यातलं चित्र आणि कार्डावरचं चित्र सारखं दिसलं की थांबायचं. दहा पाकिटांचा गठ्ठा करायला दहा खान्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे केला. सगळे खाने भरले की दहा झाले. हा ट्रे करायला मला एक संध्याकाळ लागली. तिला दहापर्यंत मोजायला शिकवण्यात त्याआधी शाळेची नऊ वर्षं गेली होती.

दिवाळीच्या पणत्यांवरून एक कडू गोष्टही शिकले. 'या मुलांनी केलंय ना, द्या दोन' असं म्हणून लोक वाकडी पणती घेतात आणि घरी नेऊन माळ्यावर टाकतात. आम्ही वाकडी पणती विकायला ठेवणं बंद केलं. ज्याची वाकडी झाली त्याने ती पुन्हा करायची. पहिल्या वर्षी दोन पालक माझ्याशी भांडले आणि विक्रीही निम्म्यावर आली. पुढच्या दिवाळीत मात्र एका बाईंनी फोन करून विचारलं, 'तुमचं ते उटणं आलं का?' 'ती मुलं' हा शब्द त्या पूर्ण संभाषणात आला नाही.

3. एकदा 'अहो' म्हणून बघावं

आमच्याकडचा एक जण 27 वर्षांचा आहे. घरी तो 'बाळ', शेजारी 'ए सोन्या', बसमध्ये 'ए, पुढे सरक'. अंगात कार्टूनचा टी-शर्ट. त्याला एका खानावळीच्या भटारखान्यात भाजी निवडायचं काम लागलं. पहिल्या दिवशी मालक सवयीने म्हणाले, 'अहो, तुमचा डबा तिकडे ठेवा.' त्या रात्री त्याच्या वडिलांचा मला फोन आला. पोरगं घरी आल्यापासून एकच सांगत होतं, 'मला अहो म्हणाले.' दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून शर्ट काढून घेतला, बटणांचा.

तेव्हापासून कार्यशाळेत आम्ही सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतो. मला स्वतःला ते जड गेलं. महिनाभर तोंडातून 'अरे'च निघायचं. पण मराठीत 'तुम्ही' म्हणत कुणाचं नाक पुसता येत नाही, बोलता बोलता कुणाची कॉलर सरळ करता येत नाही. क्रियापद बदललं आणि हात आपोआप थांबले.

4. चुकायलाही शिकवावं

ही माझी चूक, म्हणून सविस्तर सांगते.

म्हसरूळहून येणाऱ्या एका मुलाला शहर बसने एकटं यायला मी चार महिने शिकवलं. आधी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले, मग चार सीट मागे. मग बसच्या मागे स्कूटरवर, आणि शेवटी नुसती थांब्यावर वाट बघत उभी. तो मेहेर सिग्नलला उतरायचा. सात महिने घड्याळ लावावं इतका वेळेवर आला. मी तर त्याची गोष्ट पालकसभेत सांगायलाही लागले होते.

मग एके दिवशी मोर्चामुळे सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडचे रस्ते बंद झाले. बस दुसरीकडून वळवली आणि सगळ्यांना एका चौकात उतरवलं. हा उतरला नाही. मेहेर आल्यावर उतरायचं, हेच त्याला मी शिकवलं होतं. मागच्या सीटवर खाली वाकून बसला होता, कुणाला दिसला नाही. बस डेपोत गेली. आम्ही शहरभर शोधत होतो. साडेतीन तासांनी बस झाडायला आलेल्या माणसाने त्याच्या खिशातल्या नंबरवर फोन केला. मी पोचले तेव्हा तो बिस्किटं खात होता. घाबरला नव्हता, माझ्यावर रागावला होता. 'ताई, मेहेर आलंच नाही.'

मी त्याला रस्ता शिकवला होता. रस्ता चुकला तर काय, हे शिकवलं नव्हतं. आता आम्ही चुकण्याचे वेगळे तास घेतो. मुद्दाम चुकीच्या थांब्यावर उतरतो, फोन बंद करून ठेवतो, सुटे पैसे काढून घेतो. 'मला मदत पाहिजे' हे वाक्य कुणाला म्हणायचं त्याची उजळणी करतो : कंडक्टर, वर्दीतले पोलीस, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस. ज्याला बोलता येत नाही त्याने कार्ड दाखवायचं.

त्या मुलाच्या वडिलांनी वर्षभर बस बंद केली. मी त्यांना दोष देत नाही. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, पण आमच्या बऱ्याच घरांत त्या सवलतीचं कार्ड फाइलमध्ये कोरंच्या कोरं असतं. त्यामागे असा एखादा दिवस असतो, किंवा त्या दिवसाची भीती.

5. पैसे : एक नोट जास्त

बेरीज-वजाबाकी येईपर्यंत थांबलात तर थांबूनच राहाल. आमची रीत साधी आहे. पाकिटात फक्त दहाच्या नोटा. दुकानदार 37 म्हणाला तर 'तीस' ऐकायचं, तीन नोटा काढायच्या आणि वर एक जास्त द्यायची. उरलेले न मोजता खिशात. क्वचित दोन-चार रुपये जातात. जाऊ द्यावेत. फोनवरून पैसे देणारे आता बरेच आहेत. त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडावं आणि त्यात पाचशेच्या वर ठेवू नयेत.

6. मुलींचं अवघड असतं ते आपल्याला

पाळी आली की घरातले मोठे कुजबुजायला लागतात. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली, तरी 'ताई, पिशवी काढूनच टाकली तर?' असं माझ्या कानाशी येऊन विचारणाऱ्या आया मला अजून भेटतात. मी त्यांना सुई आणि लाल दोरा आणायला सांगते. निकरवर पॅडच्या आकाराची शिवण घालायची. पॅड त्या रेघेत बसवायचं. कॅलेंडरवर लाल टिकली लावायची. सगळ्यांना जमतं असं म्हणणार नाही, पण शिकवून बघितल्याशिवाय 'हिला जमणार नाही' म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

आणि बाथरूमला आतून कडी. मुलग्यांनाही. जिला आयुष्यभर कुणीही न विचारता आंघोळ घातली, तिला नको असलेला स्पर्श कोणता, हे एका तासाच्या व्याख्यानाने कसं कळणार?

7. अठरावा वाढदिवस कायद्याचाही असतो

अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. पालकांना हे बँकेच्या खिडकीत कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा 1999चा. त्यानुसार, जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व मिळतं. त्याच न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमाही घेऊन ठेवावा, 1 लाख रुपयांपर्यंतचा.

पण माझा सल्ला, धावत जाऊन सगळे हक्क आपल्या नावावर करू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. घर विकायला ज्याला आधार लागतो, त्याला सिनेमा कुठला बघायचा हे ठरवायलाही आधार लागतो असं नाही.

8. नोकरी

2016च्या याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के जागा दिल्या. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटांसाठी. कागदावर चांगलं आहे. लेखी परीक्षेचा उंबरठा ओलांडून तिथे पोचलेला आमचा एकही जण मला अजून दिसलेला नाही. मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे, तो आमच्या मुलांसारखीच मुलं चालवतात. तसं काही गावोगाव व्हायला हवं. तोवर ओळखीच्या दुकानदारांकडे आम्ही हात जोडून जातो.

काम येत नाही म्हणून नोकरी गेली, असं फार कमी वेळा होतं. आमच्या एकाची गेली ती खरं बोलल्यामुळे. कापडाच्या दुकानात घड्या घालायला होता, घड्या फार सुरेख घालायचा. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचा, 'हे तुम्हाला बसणार नाही.' दुकानदार हसत हसतच म्हणाले, ताई, याला घेऊन जा. आता तो एका गोदामात घड्या घालतो. तिथे खरं बोलायला कुणी गिऱ्हाईक नाही.

9. 'आमच्यानंतर'ची तालीम आधी करावी

'आमच्यानंतर याचं कोण?' हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतोच, आणि प्रत्येक वेळी मला नव्याने लागतो. पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या निवासी संस्था आहेत, बदलापूरची 'आधार' त्यांतली एक. पण आई गेल्याच्या तेराव्या दिवशी चाळीस वर्षांच्या माणसाला बॅग भरून अनोळखी खोलीत नेऊन सोडणं, हे मी पाहिलं आहे. तो दार धरून तीन दिवस उभा होता. म्हणून सांगते, आई-वडील धडधाकट असतानाच वर्षातून चार रात्री घराबाहेर झोपायची सवय लावा. मावशीकडे, शिबिरात, कुठेही. आणि धाकट्या बहिणीला तिच्या लग्नाआधी विचारा, तिला काय झेपेल. भाऊ म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन नव्हे, आपोआप वारसाहक्काने तिच्याकडे जायला.

पहिल्या मुद्द्यातला चहावाला आता 31 वर्षांचा आहे. त्याच्या आईंना किल्लीचा प्रश्न विचारून सहा वर्षं झाली. किल्ली त्याच्या हाती आली ती मागच्या पाडव्याला. लाल गोफाने पट्ट्याला बांधलेली असते, दुसरी शेजारच्या काकूंकडे. तो साडेचारला घरी पोचतो, आई सहाला. मधल्या दीड तासात तो काय करतो म्हणून मी विचारलं. आई म्हणाल्या, 'काही नाही हो. पंखा पाचवर करून झोपतो. मी असले की तीनवरच असतो ना.'