आठचा आकडा काढल्यानंतर

नांदेड

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

नीटचा अभ्यास नीट चाललाय, हे ताईकडून कळलं. पण तिने फोन केला होता तो तुझ्या स्कूटीच्या हट्टासाठी. क्लासमधल्या सगळ्यांकडे आहे म्हणे. असेलही. इथे श्यामनगरात क्लास सुटले की मी तेच बघतो: एका गाडीवर तिघं, आणि चालवणाऱ्याला अजून मिसरूड फुटायचंय.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, हे तू अर्धवट ऐकलंयस. ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तशी गाडी लातूरच्या एखाद्या शोरूममध्ये मला दाखवच! तुला हवी ती ११० सीसीची. तिला १८ पूर्ण लागतात. त्याआधी सापडलीस तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे दोषी पालक किंवा गाडीमालक: २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. तुला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही ते वेगळंच. गाडी ताईच्याच नावावर असणार ना?

मला मात्र जास्त काळजी अठरानंतरची वाटते. लर्निंग काढलं, ३० दिवस थांबलं, आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढला, की पक्कं लायसन्स हातात. मग भरदुपार काय नि मध्यरात्र काय, सगळं एकदम खुलं. न्यूझीलंडने १९८७ साली लर्निंग आणि पक्क्या लायसन्सच्या मध्ये एक पायरी घातली. त्या पायरीवर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी काढायची नाही, दोस्तांना बसवायचं नाही. पुढे अमेरिकेतल्या राज्यांनीही तेच केलं, आणि तिथल्या पोरासोरांचे अपघात कमी झाले. नवशिक्याचा हात चुकतो तो बहुधा अंधारात, नाहीतर मागच्यांच्या गलक्यात.

आपल्या कायद्यात ती पायरी नाही, म्हणून ती आपण घरात घालू. पहिलं वर्ष गाडी दिवसाउजेडीच काढायची, मागे कुणी नाही. मैत्रीण रुसली तर माझं नाव सांग. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, तिकडे सुरुवातीला फिरकू नकोस. चाकूर-अहमदपूरचा रस्ता तर नकोच. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा असेलच असं नाही.

लर्निंगवर मागे बसायचं तर लायसन्सवाला शिकवणाराच लागतो. तेव्हा रविवारी सकाळी मी लातूरला येत जाईन. हेल्मेट तुझ्या मापाचं तूच निवड, पैसे मी देतो.

तुझा
मामा