आधी माणसाशी बोला

शाळेच्या उन्हाळी सुट्टीची तिकिटं हातात आली की मस्कतजवळच्या माबेलातल्या आपल्या घरांमध्ये बॅगा भरता भरता मुलांना सूचना देण्याचा कार्यक्रमही जोरात सुरू होतो. विमानतळावर हात सोडायचा नाही, मावशीकडे गेल्यावर जेवणाला नावं ठेवायची नाहीत, आजोबांच्या औषधांच्या डब्याला हात लावायचा नाही. बरीच मंडळी पुण्या-नाशकाकडे जातात, पण हल्ली कुणाचा दीर लंडनला, कुणाची नणंद न्यू जर्सीला, तर कुणाची मोठी मुलगी मेलबर्नला असते. तिकडे जाणाऱ्या आई-बाबांशी मला आज थोडं बोलायचंय. तिथे बसमध्ये, दुकानात, एखाद्या संग्रहालयात तुमच्या मुलांना कामावर असलेला कुत्रा भेटण्याची बरीच शक्यता आहे. त्याच्याशी, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासोबतच्या माणसाशी, कसं वागायचं हे आपल्या सूचनांमध्ये कधीच नसतं.

इथे वाढणाऱ्या मुलांची कुत्र्यांशी ओळख मुळात बेताची. इमारतीत कुत्रा पाळलेलं घर विरळा. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, मोकळ्या पात्रात भटकी कुत्री लांबून दिसतात तेवढीच. बाकी सगळी ओळख मोबाइलवरची. तिथले कुत्रे गॉगल लावतात, गाण्यावर नाचतात, बाळाच्या पाळण्याला झोका देतात. त्यामुळे खरा कुत्रा समोर आला की आपलं मूल एकतर किंचाळत आईच्या मागे लपतं, नाहीतर ‘सो क्यूट’ म्हणत दोन्ही हात पसरून धावतं. काम करणाऱ्या कुत्र्याला या दोन्हींचा सारखाच त्रास होतो.

आमच्या इमारतीतल्या एका घरची मंडळी लंडनहून परतल्यावर त्यांनी सांगितलेला किस्सा ऐका. बसमध्ये पुढच्या सीटवर एक अंध बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी एक फिकट पिवळा लॅब्रडॉर अंग चोरून पडला होता. या घरच्या आजींनी जाता जाता पदर सावरला आणि सवयीने ‘हाड् हाड्’ केलं. त्याच क्षणी नातवाने खिशातलं बिस्कीट काढून ‘यू यू’ सुरू केलं. कुत्र्याने मान उचलली, नाकपुड्या हलल्या. बाईंचा हात लगेच त्याच्या मानेवर गेला. काय झालं ते त्यांना दिसलं नव्हतं, पण कळलं होतं. ‘तो कामावर आहे, कृपया त्याला काही देऊ नका,’ असं त्या शांतपणे म्हणाल्या. आई ओशाळली, खाली वाकली आणि म्हणाली, ‘सॉरी डॉगी!’

किस्सा सांगताना घरातले सगळे हसत होते, मीही हसले. पण गंमत बघा, आजी कुत्र्याशी बोलल्या, नातू कुत्र्याशी बोलला आणि माफीसुद्धा कुत्र्यालाच मिळाली. ज्यांच्या पायाशी तो बसला होता त्या बाईंशी कुणी बोललंच नाही.

माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. कुत्र्याला हात लावू नये, हाक मारू नये, खायला देऊ नये, न विचारता फोटो काढू नये, हे चार नियम कुठल्याही पालकाला पाच मिनिटांत शिकवता येतात. मुलांना ते पटतात मात्र कारण सांगितलं की. आणि कारण भलतंच सुरस आहे.

मुलांना वाटतं की कुत्र्याला पत्ता ठाऊक असतो आणि तो आपल्या माणसाला घेऊन जातो. तसं नसतं. कुठे जायचं, कोणत्या कोपऱ्यावर वळायचं हे माणसाच्या डोक्यात असतं. वाटेतला खड्डा, फुटपाथवर टाकलेली सायकल, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवणं हे कुत्र्याकडे. त्याच्या अंगावरच्या हार्नेसला एक कडक दांडा असतो. कुत्रा थबकला, बाजूला सरला, पायरीशी थांबला की ते त्या दांड्यातून माणसाच्या तळहाताला कळतं. सिग्नल लाल आहे की हिरवा हे कुत्रा सांगत नाही. वाहनांचा आवाज ऐकून रस्ता कधी ओलांडायचा ते माणूस ठरवतो. मात्र माणसाने ‘चल’ म्हटलं आणि तेवढ्यात गाडी आली, तर कुत्रा जागचा हलत नाही. वेळ पडली तर हुकूम मोडायचा, हेही त्याला शिकवलेलं असतं. (हे वाक्य मुलांसमोर जरा जपून वापरा.) आता अशा वेळी तुमच्या मुलाने ‘यू यू’ केलं आणि कुत्र्याने क्षणभर मान वळवली, तर तो क्षण कुणाच्या जिवावर बेतेल, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात अठ्ठ्याहत्तराव्या मजल्यावर मायकल हिंगसन नावाचे अंध गृहस्थ काम करत होते. टेबलाखाली त्यांची रोझेल नावाची लॅब्रडॉर झोपलेली होती. हल्ला झाल्यावर ती दोघं 1,463 पायऱ्या उतरून खाली आली. ‘कुत्रीने अंध माणसाला वाचवलं’ अशी ती गोष्ट जगभर फिरली. हिंगसन मात्र वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की ते दोघांचं मिळून केलेलं काम होतं आणि कुठल्या दिशेने जायचं ते त्यांना स्वतःला माहीत होतं. मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा हा भाग गाळू नका. आपण गोष्टीतला कुत्रा मोठा करतो आणि माणूस ओझ्यासारखा मागे फरपटत आणतो.

तसा कुत्र्यांना हे काम शिकवण्याचा उद्योग फार जुना नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्गला अशी शाळा निघाली. अमेरिकेत 1929 मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली आणि ब्रिटनमध्ये 1931 मध्ये पहिले चार कुत्रे तयार झाले. आता बहिऱ्या माणसाला दाराची घंटा कळवणारे, मधुमेह्याची साखर घसरल्याचं वासावरून ओळखणारे, अपस्माराचा झटका आल्यावर मदतीला राहणारे, स्वमग्न मुलासोबत चालणारे कुत्रेही आहेत.

इथेच आपली एक खास खोड आडवी येते. कुत्र्यासोबतचा माणूस चांगला चालता-बोलता दिसला की आपण एकमेकांना म्हणतो, ‘हिला काय झालंय? दिसते तर ठणठणीत.’ मराठीत बोललं की परदेशात कुणाला कळत नाही, हा आपला लाडका समज. शब्द कळले नाहीत तरी वळलेल्या माना आणि भुवया सगळ्या भाषांत कळतात. आणि ओळख झालीच तर आपली चौकशी सुरू: जन्मापासून का, कशाने झालं, इलाज नाही का, घरी कोण बघतं? आपण हे मायेने विचारतो, मला ठाऊक आहे. पण अमेरिकेत 1990 च्या कायद्यानुसार दुकानाच्या मॅनेजरलासुद्धा दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. आजार कोणता हे विचारायची मुभा नाही, कागद मागता येत नाही, ‘करून दाखवायला सांगा’ असंही म्हणता येत नाही. मॅनेजरला नसलेला अधिकार बिलाच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्याला कुठून आला?

भीतीचं मात्र वेगळं आहे. भीती वाटणं हा असभ्यपणा नव्हे, आणि मुलाला ‘घाबरट कुठला’ म्हणून ती जात नाही. आपल्या पिढीला कुत्रा म्हटलं की पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवतात. ती जुनी लस भारतात 2005 च्या सुमारास बंद झाली, आता इंजेक्शन दंडावर मिळतं, पण धाक दाखवायला आपण अजून तीच चौदा वापरतो. गावाकडे भटक्या कुत्र्यांपासून सांभाळून राहायला शिकवणं गरजेचंच आहे, रेबीज ही चेष्टा नव्हे. फक्त हार्नेस घातलेला कुत्रा दिसला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात खाली ठेवून उभं राहायचं आणि त्या माणसाला सांगायचं, ‘मला कुत्र्याची भीती वाटते.’ बहुतेक जण कुत्र्याला लगेच दुसऱ्या बाजूला घेतात. लिफ्टमध्ये शिरायचं नसेल तर ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो’ म्हणावं. तोंड वाकडं करून भिंतीला चिकटण्यापेक्षा ते बरं.

माबेलात राहणाऱ्या आपल्याला या विषयाची आणखी एक बाजू रोज दिसते. आपले ओमानी शेजारी, मुलांच्या वर्गातली मुस्लिम मुलं कुत्र्यापासून जरा लांब राहतात. कुत्र्याची लाळ अंगाला किंवा कपड्याला लागली तर नमाजाआधी ते धुवावं लागतं, हे त्यामागचं साधं कारण. ‘ते लोक कुत्र्यांचा तिरस्कार करतात’ असं मुलांच्या कानावर घालू नका, ते खरंही नाही. सलुकी ही शिकारी कुत्र्याची जात अरबांनी शतकानुशतकं लाडाकोडाने सांभाळली आहे. कुराणात गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा आहे, त्यांच्या उंबऱ्याशी त्यांचा कुत्रा बसलेला आहे. आणि 2008 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम मुलाला त्याचा गाइड डॉग घेऊन मशिदीत येण्याची वाट धर्मपंडितांनीच मोकळी करून दिली. कुत्र्यासाठी प्रवेशाजवळ बसायची जागा केली, मुलगा आत नमाजाला गेला. पावित्र्यही राहिलं आणि मुलाची सोयही झाली.

आपण तरी कुठे वेगळे? देव्हाऱ्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रा, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. आणि कुत्र्याने उंबरा ओलांडला की पाणी शिंपडणारी आजीही त्याच घरात. दोन्ही गोष्टी आपण पिढ्यान्पिढ्या एकत्र नांदवल्या आहेत. तेव्हा शेजाऱ्याचा संकोच समजून घेणं आपल्याला अवघड जाऊ नये.

अर्थात संकोच वेगळा आणि दार बंद करणं वेगळं. ब्रिटनमध्ये टॅक्सीवाल्याला मदतनीस कुत्रा असलेल्या प्रवाशाला नाकारता येत नाही, जादा भाडंही मागता येत नाही; त्याला स्वतःला वैद्यकीय कारण असेल तर तसा सूट दिल्याचा दाखला काढावा लागतो. आणि उलट बाजूने, घरच्या लाडक्या कुत्र्याला जाकीट चढवून ‘सर्व्हिस डॉग’ म्हणून मिरवणाऱ्यांमुळे खऱ्या गरजूंकडे संशयाने पाहिलं जातं. विमानात असले प्रकार इतके वाढले की अमेरिकेने 2021 पासून नुसत्या भावनिक आधाराच्या प्राण्यांना सर्व्हिस डॉगच्या व्याख्येतून वगळलं. तिकडच्या भाच्याने ‘ऑनलाइन जाकीट मिळतं, घेऊन टाकू’ म्हटलं तर मावशीच्या अधिकाराने कान धरा.

कुणी म्हणेल, ताई, इथे माबेलात कुठे आलेत असे कुत्रे? मीही इथे पाहिलेला नाही. शिवाय जून-जुलैत इथला रस्ता असा तापतो की कुत्र्याच्या पंजाची कातडी भाजून निघेल. पण अंध माणसं इथेही आहेत. मस्कतमध्ये उमर बिन अल-खत्ताब यांच्या नावाची अंध विद्यार्थ्यांची शाळा आहे, अंधांसाठी काम करणारी अल-नूर संघटना आहे. पांढरी काठी घेऊन चालणारं कुणी भेटलं तर रीत तीच: आधी बोला. ‘नमस्कार, मी अमुक, काही मदत हवी आहे का?’ हवी म्हटलं तर आपलं कोपर पुढे करा, म्हणजे ते आपल्याला धरतील. आपण धावत जाऊन दंड पकडून रस्ता ओलांडायला लावतो, कधी कधी त्यांना तो ओलांडायचाही नसतो! आणि सोबत कुणी असेल तर ‘यांना चहा चालतो का?’ असं त्या सोबत्याला विचारू नका. यांना डोळ्यांचा त्रास आहे, चहाचा नाही.

आणखी एक, जे मुलं रोज बघतात. करक चहाच्या दुकानासमोर गाडी थेट फुटपाथच्या उतारावर चढवून आपण हॉर्न वाजवतो आणि कप हातात यायची वाट बघतो. सामान गाडीत टाकल्यावर ट्रॉली त्याच उतारावर सोडून देतो. व्हीलचेअरवाल्याला, काठीवाल्याला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला तो उतारच हवा असतो. लंडनमध्ये मुलाला शिष्टाचार शिकवायचा आणि इथे बाबांनी गाडी तिथेच लावायची, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. मागच्या सीटवरून ती सगळं टिपत असतात.

जायच्या आधी घरातच एकदा खेळून बघा. एकाने डोळ्याला ओढणी बांधायची, एकाने कुत्रा व्हायचं, बाकीच्यांनी फुटपाथवरची माणसं. कुत्रा व्हायला घरोघरी भांडण होणार हे लक्षात ठेवा. आमच्याकडे हे सुरू असताना शेजारच्या छोटीने विचारलं, ‘मग त्याला शुक्रवारची सुट्टी असते का?’ मी तिला सांगितलं की घरी पोचल्यावर हार्नेस उतरला की त्याची ड्यूटी संपते. मग तो चेंडूमागे धावतो, सोफ्यावर चढू नको म्हटलं तरी चढतो. दहा-अकरा वर्षांचा झाला की निवृत्त होतो. कधी त्याच घरी राहतो, कधी लहानपणी ज्यांनी वाढवलं त्यांच्याकडे परत जातो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, मग सुट्टीच्या दिवशी तर हात लावता येईल ना? येईल की, म्हटलं. आधी कुणाला विचारायचं तेवढं सांग.