घरगुती उपकरणांची निगा : एक दुर्लक्षित शिक्षण

चुलीची निगा कशी राखावी, हे आपल्याकडे कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नसे. रात्री स्वयंपाक उरकल्यावर राख काढणे, चुलीला पोतेरे घालणे, निखारे राखेखाली झाकून ठेवणे, पावसाळ्यापूर्वी कोरडे सरपण आडोशाला रचून ठेवणे हे सारे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आपोआप येत असे. गॅसची शेगडी, प्रेशर कुकर, मिक्सर, शीतकपाट ही उपकरणे मात्र घरात आली ती अशा परंपरेवाचून. मुंबईसारख्या शहरांत स्वयंपाकाचा गॅस १९५० नंतरच्या दशकात आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर वाड्यावस्त्यांवरील घरांतही सिलिंडर पोहोचला. उपकरण पोहोचले, पण त्याच्या निगेचे ज्ञान त्याच वेगाने पोहोचले, असे म्हणता येत नाही. ही उणीव कशी भरून काढता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गॅसची शेगडी व नळी

स्वयंपाकाचा गॅस मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या वायूंचा बनलेला असतो. त्यास स्वतःचा वास नसतो. गळती चटकन लक्षात यावी, म्हणून त्यात उग्र दर्प असलेले मर्केप्टन हे द्रव्य मिसळलेले असते. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने गळती झाल्यास तो छताकडे न जाता जमिनीलगत साचतो. म्हणूनच सिलिंडर तळघरात, खड्ड्यात वा बंद कपाटात ठेवू नये. तो नेहमी उभा ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी. खोलीत जमिनीलगत हवा खेळती राहील अशी सोय असावी.

शेगडी व सिलिंडर यांना जोडणारी रबरी नळी हा या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक भाग होय. नळी भारतीय मानक चिन्ह असलेली घ्यावी आणि दीड मीटरपेक्षा लांब नसावी. तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. नळीवर छापलेला दिनांक पाहिला म्हणजे ही मुदत कळते. तेलकटपणा दिसू नये म्हणून काही घरांत नळीवर कापड वा प्लॅस्टिक गुंडाळतात. त्यामुळे नळीस पडलेल्या भेगा अथवा उंदराने कुरतडलेली जागा दिसत नाही. नळी उघडीच ठेवावी व ओल्या फडक्याने पुसावी. गळतीचा संशय आल्यास जोडावर साबणाचे पाणी लावून पाहावे; बुडबुडे आले, तर गळती आहे असे समजावे. आगपेटीची काडी ओढून तपासणी कदापि करू नये.

सिलिंडर घेताना त्याच्या कड्याच्या आतील बाजूस रंगविलेले अक्षर व अंक पाहावेत. ए, बी, सी व डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवितात आणि अंक वर्ष दर्शवितो. 'सी-२८' याचा अर्थ त्या सिलिंडरची पुढील तपासणी सप्टेंबर २०२८ अखेरपर्यंत व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर ग्राहकाने स्वीकारू नये.

ज्योत काय सांगते?

चांगल्या शेगडीची ज्योत निळी व स्थिर असते. ज्योत पिवळी होऊन भांड्याच्या बुडास काजळी धरू लागली, तर बर्नरची छिद्रे बुजली आहेत अथवा हवेचा पुरवठा अपुरा आहे, असे समजावे. अशा अपुऱ्या ज्वलनात इंधन वाया जाते, भांडी घासण्याचे श्रम वाढतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. उतू गेलेले दूध वा पेज त्याच दिवशी पुसून काढावी. आठवड्यातून एकदा शेगडी थंड असताना बर्नर काढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजत ठेवावेत, छिद्रे जुन्या दातघाशीने साफ करावीत आणि बर्नर पूर्ण वाळल्यावरच बसवावेत. गॅस ज्यातून येतो, त्या बारीक तोटीत मात्र तार वा सुई घालू नये. तिचे छिद्र मोठे झाल्यास ज्योतीचे प्रमाण बिघडते. ते काम गॅस वितरकाच्या कारागिरावर सोपवावे.

प्रेशर कुकर

कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका जादा दाब निर्माण होतो. त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते व अन्न लवकर शिजते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांनाच उकळत असल्याने तेथे डाळ शिजण्यास वेळ लागतो आणि कुकरचे महत्त्व अधिकच जाणवते.

परंतु हा दाब जितका उपयोगी, तितकाच धोक्याचा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. डाळी व कडधान्ये फुगून फेसाळतात म्हणून ती निम्म्यापर्यंतच घालावीत. झाकण लावण्यापूर्वी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते की नाही, हे रोज पाहावे. रबरी रिंग प्रत्येक वेळी काढून धुवावी व कडक झाल्यास बदलावी. कुकरमधील पाणी आटल्यास किंवा शिट्टी तुंबल्यास सुरक्षा झडप उडते व दाब मोकळा होतो. ती त्याच बनावटीची असावी. तिच्या जागी खिळा, नाणे वा कणकेचा गोळा बसवणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय. कुकर धुण्याच्या सोड्याने घासू नये, कारण त्याने ॲल्युमिनियम काळे पडते. आलेला काळेपणा लिंबाच्या साली घालून पाणी उकळल्यास पुष्कळसा निघतो.

विजेची उपकरणे

विजेचे कोणतेही उपकरण साफ करण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढून घ्यावी. शीतकपाटाचे दार घट्ट बसते का, हे पाहण्यासाठी दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढला गेला, तर रबरी पट्टी सैल झाली आहे असे समजावे. मागील बाजूच्या नळ्यांवर धूळ साचल्यास उष्णता बाहेर पडत नाही व विजेचा खर्च वाढतो. म्हणून शीतकपाट भिंतीस चिकटवून ठेवू नये. आत गोठलेला बर्फ सुरीने खरवडू नये. मिक्सरचे भांडे धुवावे. यंत्र मात्र पाण्याखाली न धरता कोरड्या फडक्याने पुसावे. मिक्सर चालता चालता बंद पडला, तर तो थोडा वेळ थंड होऊ द्यावा व भांड्यातील जिन्नस कमी करून मगच तळाचे तांबडे बटण दाबावे. कोकणातील दमट हवेत पावसाळ्यात अनेक दिवस बंद राहिलेली उपकरणे पूर्ण कोरडी असल्याची खात्री करूनच सुरू करावीत. तीन पिनांच्या उपकरणाची तिसरी पिन काढून टाकू नये. घरातील भूसंपर्क व्यवस्था जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी.

वास आल्यास काय करावे?

गॅसचा वास येताच प्रथम सर्व ज्योती व देवापुढील निरांजन विझवावे, रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावू नये आणि लावलेले असल्यास बंदही करू नये, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. घरातील माणसांना बाहेर न्यावे आणि बाहेर आल्यावरच १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हा क्रम घरातील मुलांनाही पाठ असावा. आईवडील शेतावर असताना घरी तीच असतात.

सामूहिक प्रयत्नांची गरज

या सर्व गोष्टींना खर्च लागतो तो अल्प. लागते ती माहिती व सवय. शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला दाब, ज्वलन, उत्कलनबिंदू हे विषय याच उपकरणांच्या साहाय्याने शिकविता येतील. विद्यार्थ्यांनी घरच्या नळीवरील दिनांक वहीत लिहून आणावा, एवढा साधा गृहपाठही घराघरांत सावधपणा आणील. पंचायत सदस्यांनी गॅस वितरकाच्या प्रतिनिधीस ग्रामसभेस बोलावून प्रात्यक्षिक घडवून आणावे. महिला बचत गटांच्या बैठकीतही हा विषय घेता येईल. परंतु उपकरणांची निगा ही केवळ गृहिणीची जबाबदारी नसून घरातील प्रत्येकाची आहे, हे तेथे आवर्जून सांगितले जावे.

चुलीची निगा शिकविणारी परंपरा घडण्यास पिढ्या लागल्या. शेगडीसाठी तितका काळ थांबणे परवडणारे नाही. घरात उपकरण आले, त्याच दिवशी त्याच्या निगेचे शिक्षणही घरात यावयास हवे.