ऐकीव मत आणि पारखलेले मत
(इयत्ता ६ वी व ७ वी : नागरिकशास्त्र व व्यवहारज्ञान यांस पूरक पाठ)



गेल्या पावसाळ्यात सातवीपर्यंतच्या एका शाळेस भेट देण्याचा योग आला. सहावीच्या वर्गात नफा-तोट्याचा पाठ चालू होता. बाईंनी वर्गातच छोटे दुकान मांडले होते आणि मुले खऱ्या नाण्यांनी खरेदी-विक्री करीत होती. इतक्यात दुकानदार झालेल्या मुलीने दहा रुपयांचे नाणे परत सारले आणि ती म्हणाली, "हे चालत नाही. आमच्याकडे कुणीच घेत नाही." मी मागच्या बाकावर बसलो होतो. मी उत्साहाने दुजोरा दिला, "बरोबर आहे बाळ, ती नाणी आता बंद झाली आहेत."

बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी अदबीने रिझर्व्ह बँकेचे १७ जानेवारी २०१८ चे पत्रक मला दाखविले. दहा रुपयांची नाणी तोवर १४ निरनिराळ्या घडणींत निघालेली असून ती सर्वच्या सर्व वैध चलन आहेत, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. रुपयाचे नवे चिन्ह नाण्यांवर २०११ साली आले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते नाही. एवढ्याशा फरकावरून "चिन्ह नसलेले नाणे खोटे" हे मत गावोगाव पसरले होते. माझ्या घरी अशी चाळीसएक नाणी एका डबीत पडून होती! भाजीवाल्याने नाकारले, वाण्याने नाकारले, म्हणून मीही ते मत स्वीकारले होते.

पुढील भेटीत मी वर्गासमोर उभा राहून माझी चूक सांगितली. तेव्हा त्याच मुलीने विचारले, "मग साहेब, नाणी बंद झाली असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. खरोखर, कोणीही सांगितले नव्हते. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे.

पाठाची आवश्यकता

आपल्या गावातील मूल शाळेत येण्यापूर्वीच कितीतरी मते ऐकून आलेले असते. पारावर, दूध संकलन केंद्रावर, एस. टी. च्या थांब्यावर, आणि आता घरातील प्रत्येक फोनवर, कोणता फोन चांगला, कोणता माल भेसळीचा, कोणता उमेदवार बरा, गावात कोण परका फिरतो, ह्यांची चर्चा अखंड चालू असते. ही चर्चा वाईट नव्हे. लोकशाहीत ती व्हावयासच हवी. परंतु ऐकलेले मत आणि पारखलेले मत ह्यांतील भेद मुलास कोणी शिकवीत नाही. तो शिकविण्याचे स्थान शाळा हेच होय.

हा भेद न कळल्याची किंमत कधी चाळीस नाण्यांइतकी असते, तर कधी माणसाच्या प्राणांइतकी. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथील आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. "मुले पळविणारी टोळी आली आहे" असे निरोप त्या दिवसांत फोनवरून फिरत होते. ते पाच जण निरपराध होते. मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण गावाच्या मुलांचे रक्षण करीत आहोत असेच वाटले असेल. आणि हीच गोष्ट शिक्षकाने विचारात घेण्यासारखी आहे. हेतू चांगला असला म्हणजे मत खरे ठरत नाही.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीकतही बोधप्रद आहे. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरील एक मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मुळात ती कराची शहरातील एका संस्थेने पालकांना सावध करण्याकरिता तयार केलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलास परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापून टाकला आणि उरलेला भाग "आपल्याकडची घटना" म्हणून पुढे धाडला. म्हणजे, डोळ्यांनी पाहिलेलेही अपुरे असू शकते.

पाठाची उद्दिष्टे

१. आवड, तपासता येणारे विधान आणि विचारपूर्वक मत ह्यांतील फरक विद्यार्थ्यांना ओळखता यावा.
२. ऐकलेल्या विधानास तीन प्रश्न विचारण्याची सवय लागावी.
३. आपले मत चुकले असल्यास ते बदलण्यात कमीपणा नाही, हे मनावर ठसावे.

पूर्वतयारी

पाठाच्या दोन दिवस आधी प्रत्येक विद्यार्थ्याने घरी किंवा गावात ऐकलेले एक वाक्य चिठ्ठीवर लिहून आणावे. बोलणाऱ्याचे नाव लिहू नये. शिक्षकांनी चिठ्ठ्या आधी वाचून, ज्यांत कोणा व्यक्तीची, जातीची किंवा धर्माची निंदा असेल अशा बाजूला काढाव्यात. ह्याखेरीज बिस्किटाचा अथवा साबणाचा रिकामा वेष्टनकागद, दहा रुपयांची दोन वेगळ्या घडणींची नाणी आणि खडू-फळा एवढे साहित्य पुरे.

पाठाचा ओघ

पहिला टप्पा : वर्गवारी. फळ्यावर तीन रकाने आखावेत. "मला मोठ्या पडद्याचा फोन आवडतो" ही झाली आवड. तिच्यावर वाद घालण्याचे कारण नाही. "छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात" हे झाले तपासता येणारे विधान. ते खरे तरी असेल किंवा खोटे तरी. "ग्रामपंचायतीने चौकात कॅमेरे बसवावेत" हे झाले मत. ते बनविताना खर्च किती, उपयोग काय, लोकांच्या खासगीपणाचे काय, असा सर्व बाजूंनी विचार करावा लागतो, आणि इतके करूनही दोन समंजस माणसांची मते भिन्न असू शकतात. मुलांच्या चिठ्ठ्या ह्या तीन रकान्यांत त्यांच्याकडूनच लावून घ्याव्यात. पुष्कळ वाक्ये मताच्या रूपात दिसतात, पण आत तपासता येणारे विधान दडलेले असते, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.

दुसरा टप्पा : तीन प्रश्न. फळ्याच्या एका बाजूस पुढील प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहावेत व पाठ संपेपर्यंत पुसू नयेत.

(अ) हे कोणी सांगितले?
(आ) त्यास ते कसे कळले?
(इ) आपण ते कोठे तपासू शकतो?

तिसरा टप्पा : चार उदाहरणे. प्रत्येक विधान आधी मुलांसमोर ठेवावे, हात वर करून त्यांचा कल मोजावा, आणि मगच वस्तुस्थिती सांगावी.

उदाहरण १ : "पाकिटावरची किंमत सरकार ठरविते, आणि थंड बाटलीला दोन रुपये जास्त द्यावेच लागतात." वेष्टनकागद मुलांच्या हाती द्यावा व कमाल किरकोळ किंमत शोधावयास सांगावी. सर्वसाधारण पाकीटबंद मालावर ही किंमत उत्पादक छापतो. तीत सर्व कर धरलेले असतात. दुकानदाराने त्याहून कमी घेतल्यास चालते, अधिक घेता येत नाही. बाटली थंड करण्याचा वेगळा आकारही त्यावर लावता येत नाही. ग्राहकाचे गाऱ्हाणे ऐकण्याकरिता १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला व तो २०२० साली अमलात आला, हेही सांगावे.

उदाहरण २ : "खात्यात पैसे जमा व्हायचे असतील तर फोनवर गुप्त क्रमांक टाकावा लागतो." हे मत अत्यंत घातक आहे. यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देण्याकरिता लागतो, पैसे घेण्याकरिता कधीही लागत नाही. घरातील दिवाणखान्याच्या दाराचा दाखला द्यावा: पाहुणा आत येताना आपण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देत नाही. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळविले जाईल, तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक प्रत्येक मुलाने घरी फोनजवळ लिहून ठेवावा.

उदाहरण ३ : "मतदार ओळखपत्र जवळ असले की मतदान करता येते." ओळखपत्र ही केवळ ओळख आहे. मतदानाचा अधिकार बजावण्यासाठी मतदारयादीत नाव असावे लागते. यादीत नाव असून ओळखपत्र हरवले असेल, तर आयोगाने मान्य केलेले दुसरे छायाचित्र असलेले ओळखीचे कागदपत्र चालते. मतदानाच्या दिवशी निराश होऊन परतणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. यादी आधी पाहिली असती तर ती वेळ त्यांच्यावर येती ना.

उदाहरण ४ : दहा रुपयांचे नाणे. दोन घडणींची नाणी मुलांना हाताळू द्यावीत व फरक शोधावयास सांगावा. नंतर रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाची माहिती द्यावी. शक्य असल्यास येथे शिक्षकांनी स्वतःच्या चुकलेल्या एखाद्या मताची हकीकत सांगावी. माझा अनुभव असा की, पाठातील ह्याच भागाचा मुलांवर सर्वाधिक परिणाम होतो.

चौथा टप्पा : शेवट कापलेली गोष्ट. एक छोटी गोष्ट शेवटच्या दोन वाक्यांविना सांगावी. एक माणूस रात्री शेजाऱ्याच्या गोठ्याचे दार उघडून बैल बाहेर काढतो, एवढ्यावर थांबावे. तो कोण असेल, असे मुलांना विचारावे. बहुतेक मुले "चोर" म्हणतील. मग शेवट सांगावा : गोठ्यास आग लागली होती आणि शेजारी गावी गेला होता. ह्यानंतर वर सांगितलेल्या चित्रफितीची हकीकत सांगावी आणि राईनपाड्याची घटना मोजक्या, संयत शब्दांत सांगावी. मारहाणीचे वर्णन करू नये. त्याची छायाचित्रे किंवा चित्रफिती मुळीच दाखवू नयेत.

त्या घटनेनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली, हे मुलांना जरूर सांगावे. त्याचबरोबर हेही सांगावे की, यंत्राने घातलेली मर्यादा पाचावर थांबते. शून्यावर थांबण्याचा अधिकार पाठविणाऱ्याच्या बोटात असतो.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट, राजकीय पक्ष किंवा उमेदवार ह्यांविषयीचे आपले मत वर्गात सांगू नये. मुले गुरुजींचे मत घरी नेतात आणि ते पुन्हा ऐकीव मतच ठरते. मुलाने विचारलेच, तर "तुला काय वाटते, आणि कशावरून?" असे विचारावे.

दुसरी गोष्ट, भटक्या-विमुक्त समाजाची, ऊसतोड कामगारांची किंवा परगावाहून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात असतील. अनोळखी माणसासंबंधी बोलताना त्या मुलांना अवघडल्यासारखे होणार नाही, ह्याची दक्षता घ्यावी. मुलांनी सावध राहू नये, असे आपणांस शिकवावयाचे नाही. अनोळखी माणसाबरोबर एकटे जाऊ नये, शंका आल्यास घरी, शाळेत किंवा पोलिसांच्या ११२ क्रमांकावर कळवावे, हे शिकवावयाचेच आहे. संशय कळवावयाचा असतो. त्याचा निवाडा गर्दीने करावयाचा नसतो.

तिसरी गोष्ट, मुलाने घरातील वडीलधाऱ्यांचे मत चुकीचे ठरविले, म्हणून घरी वाद उद्भवू नये. "आजोबा, तुम्हांला चूक माहिती आहे" असे म्हणण्यापेक्षा "आजोबा, आपण दोघे मिळून पाहू या का?" असे म्हणावयास मुलांना शिकवावे. माझी चूक दाखविणाऱ्या बाईंनी मधल्या सुट्टीपर्यंत वाट पाहिली होती. मला ती रीत आयुष्यभर पुरेल.

स्वाध्याय

१. घरातील तीन वस्तूंच्या वेष्टनावरील किंमत, वजन व उत्पादनाचा महिना वहीत लिहा.
२. घरातील मोठ्या माणसांबरोबर मतदारयादीतील त्यांची नावे तपासा.
३. आठवडाभरात ऐकलेल्या एका विधानास तीन प्रश्न विचारा आणि काय आढळले ते पाच ओळींत लिहा. उत्तर सापडले नाही, तर "अजून कळले नाही" असे लिहा.

तिसऱ्या स्वाध्यायातील "अजून कळले नाही" ह्या उत्तरास पूर्ण गुण द्यावेत. न कळलेले न कळले म्हणून सांगणारा विद्यार्थी खोटा निरोप पुढे धाडणार नाही.

हा पाठ येत्या दोन महिन्यांत सोयीच्या तासिकेस घ्यावा, त्याची नोंद टाचण वहीत करावी आणि मुलांच्या निवडक चिठ्ठ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणाव्यात. त्यांतून आपल्या तालुक्यात कोणती मते प्रचलित आहेत व त्यांपैकी किती तपासून पाहिली गेली, ह्याची चर्चा आपण करू. माझ्या डबीतील नाणी मी त्या शाळेस गणिताचे साहित्य म्हणून देऊ केली होती. मुलांनी ती घेतली नाहीत. "साहेब, ही चालतात, दुकानात द्या," असे त्यांनी मला सांगितले. त्याप्रमाणे मी ती गावातील दुकानात देऊन वर्गाकरिता खडू आणि वह्या घेतल्या. दुकानदाराने प्रथम नकार दिला. पण ती मुलगी मजबरोबर होती, आणि पत्रकाची प्रत तिच्या हातात होती.

— शिक्षण विस्तार अधिकारी