आसरा अपुरा का पडतो?

मुलांनो, प्राण्यांसाठी चालवलेल्या एखाद्या आसराघराच्या फाटकाशी तुम्ही कधी पहाटे गेलात, तर तेथे पुष्कळदा एक पुठ्ठ्याचे खोके ठेवलेले दिसते. आत मांजरीची तीन-चार पिल्ले असतात. त्यांच्याखाली जुन्या ओढणीचा तुकडा अंथरलेला असतो आणि खोक्याला बाजूने भोके पाडलेली असतात. रात्री कोणीतरी ते खोके ठेवून निघून गेलेले असते. पाहणारा लगेच म्हणतो, "काय निर्दय लोक आहेत!" पण जरा विचार करा. ज्याला त्या पिल्लांची पर्वा नव्हती, त्याने त्यांना श्वास घेता यावा म्हणून भोके कशाला पाडली असती?

अशा प्राण्यांना मराठीत 'बेवारशी' म्हणतात. या शब्दातला 'बे' आणि 'वारस' तुम्ही उर्दूमुळे सहज ओळखाल. ज्याला वारस नाही, म्हणजे ज्याची जबाबदारी घेणारा कोणी नाही, तो बेवारशी. मात्र आसराघरात येणाऱ्या प्राण्यांपैकी अनेकांना कालपर्यंत वारस होता. तो का उरला नाही, हे समजले की आसराघरे का भरून वाहतात हेही समजते.

प्राण्यांना आसरा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अशा जागेला 'पांजरपोळ' म्हणतात. मुंबईच्या पांजरपोळाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. त्या काळी इंग्रज सरकारने ठरावीक दिवसांत रस्त्यावरची बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना इनाम मिळत असे. इनामाच्या लोभाने शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीही धरू लागले. जून १८३२ मध्ये पारशी लोक यावर खवळून उठले, इतर लोकही त्यांना मिळाले आणि मुंबईतली दुकाने बंद झाली. इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली आहे. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ स्थापन केला. कुत्र्यांना मारण्याऐवजी तेथे ठेवावे, असा विचार होता. भुलेश्वरच्या गजबजलेल्या वस्तीत तो पांजरपोळ आजही आहे. आता तेथे मुख्यतः गाई असतात.

मुंबईत परळला प्राण्यांसाठी दुसरीही एक संस्था आहे. प्राण्यांवर होणारे अत्याचार थांबवण्यासाठी १८७४ मध्ये शहरात एक मंडळी स्थापन झाली होती. तिच्या प्रयत्नांतून आणि दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला पेटिट यांच्या पत्नीचे, साकरबाईंचे नाव दिले गेले. एवढे लांब नाव घेणार कोण? गिरणगावातल्या लोकांनी त्याला सरळ 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणायला सुरुवात केली. गाड्या ओढणारे बैल आणि घोडे तेथे उपचारासाठी येत, म्हणून हे नाव पडले.

या दोन संस्थांमधला फरक नीट लक्षात घ्या. पांजरपोळात गेलेले जनावर सहसा तेथेच राहते. बैलघोडा हॉस्पिटलात आणलेला बैल पाय बरा झाला की मालकाबरोबर परत जात असे. एका फाटकातून प्राणी फक्त आत जातो. दुसऱ्या फाटकातून तो बाहेरही येतो.

आता थोडे गणित करू. समजा, एका आसराघरात पन्नास प्राण्यांची जागा आहे. तेथे रोज पाच प्राणी येतात आणि प्रत्येक प्राणी सरासरी दहा दिवस राहतो. मग एका वेळी तेथे किती प्राणी असतील? पाच गुणिले दहा, म्हणजे पन्नास. सर्व ठीक चालले आहे. आता समजा, प्रत्येक प्राण्याचा मुक्काम दहा दिवसांऐवजी वीस दिवस झाला. येणारे प्राणी रोज पाचच आहेत, एकही वाढलेला नाही. तरी आत शंभर प्राणी होतील! जागा मात्र पन्नासांचीच आहे. म्हणून आसराघराची गर्दी पाहताना दोन प्रश्न विचारावे लागतात. रोज किती प्राणी येतात? आणि आलेला प्राणी किती दिवस राहतो? बहुतेक लोक पहिलाच प्रश्न विचारतात.

गर्दी झाली की दुसरे संकट येते. कुत्र्यांना आणि मांजरांना पार्व्हो जातीच्या विषाणूंचे आजार होतात. दाटीवाटीच्या जागेत हे आजार वणव्यासारखे पसरतात आणि लहान पिल्ले आधी दगावतात. उरलेल्या प्राण्यांना वेगळे ठेवावे लागते, त्यांचे उपचार लांबतात, म्हणजे मुक्कामही लांबतो. अशा रीतीने गर्दीतून आणखी गर्दी वाढते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. इतके प्राणी येतात कोठून? श्रीमंत घरांतूनही येतात, हे आधी सांगितले पाहिजे. हौसेने आणलेली महागडी कुत्री कंटाळा आला म्हणून सोडून देणारे लोक कमी नाहीत. पण गरीब वस्तीतून येणाऱ्या प्राण्यांची कहाणी वेगळी असते.

समजा, तुमच्या घरी एक मांजर आहे. घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, पोटमाळ्यासह सहा माणसे. मांजर उंदीर धरते, तुमच्या अम्मीच्या पायाशी निजते, सर्वांची लाडकी आहे. ती सहा महिन्यांची होते न होते तोच गाभण राहते. नऊ आठवड्यांनी तिला चार पिल्ले होतात. दोन शेजारी नेतात, दोन राहतात. पुन्हा काही महिन्यांत तिला पिल्ले होतात. तोवर आधीची पिल्लेही मोठी झालेली असतात. मांजरीची नसबंदी करावी, असे कोणीतरी सुचवते. खाजगी डॉक्टर जी फी सांगतात, त्यात घराचा कित्येक दिवसांचा किराणा येतो. मोफत शस्त्रक्रिया करणारी संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मांजर घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत आणि रिक्षावाला नाखूश असतो. शिवाय जायचे कोणी? अब्बांनी रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. दवाखाना मोफत असला, तरी तेथे जाण्याचा दिवस मोफत नसतो.

आणि मग एका रात्री पुठ्ठ्याचे खोके शोधले जाते.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण आणखी निराळी असते. खोली बदलली आणि नव्या मालकाने "जनावर चालणार नाही" असे बजावले, तर कुटुंब काय करणार? घर सोडता येत नाही, म्हणून कुत्रा सोडावा लागतो. जुन्या वस्त्या पाडून तेथे इमारती उभ्या राहतात, तेव्हाही असेच होते. माणसांची सोय तात्पुरत्या छावणीत होते. गल्लीतल्या कुत्र्यांची नोंद मात्र कोणत्याही यादीत नसते. ती कोणा एकाची नसतातच. एका घरून त्यांना पाव मिळतो, दुसऱ्या घरून कालचा भात मिळतो. सगळ्या गल्लीचे ते कुत्रे असते. पण त्याला लस टोचून आणण्याची वेळ आली, की सगळी गल्ली एकमेकांकडे पाहते.

गरिबांना प्राण्यांची माया नसते, असे म्हणणाऱ्याने एखाद्या टांगेवाल्याला आधी घोड्याला चंदी घालून मग स्वतःच्या पानावर बसताना पाहावे. त्याला माया असते. मायेला जोड हवी असते ती पैशाची, वेळेची आणि जवळच्या दवाखान्याची. तीच नसते.

खेडेगावात कुत्र्या-मांजरांपेक्षा गाई-बैलांचा प्रश्न मोठा असतो. मराठवाड्यात आणि माणदेशात पाऊस दगा देतो, तेव्हा कडबा महाग होतो आणि विहिरी आटतात. बैल म्हणजे शेतकऱ्याचा उजवा हात. पण त्यालाच खायला घालता येत नाही, अशी पाळी येते. मग एक तर तो कवडीमोलाने विकायचा, नाही तर पांजरपोळाच्या किंवा गोशाळेच्या दारात नेऊन सोडायचा. दुष्काळात ही दारेही लवकर बंद होतात, कारण चारा त्यांनाही विकतच घ्यावा लागतो.

अशा वेळी आपल्या राज्यात 'चारा छावण्या' उघडतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत त्या उघडल्या होत्या. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २०१२-१३ मध्ये हजारो जनावरांची छावणी उभी राहिली होती. छावणीत जनावरांना चारा, पेंड आणि पाणी मिळते. आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसेही राहतात! घरातला कोणीतरी दावणीजवळच कापडाचा आडोसा करतो. तेथेच चूल पेटते, तेथेच दूध काढले जाते, काही मुले तर तेथूनच शाळेत जातात. ऊन, धूळ, चिलटे यांनी जीव नकोसा होतो. छावणीतले दिवस सुखाचे नसतात. त्यातच काही छावण्यांच्या हिशेबात गैरप्रकार झाल्याचे आरोपही झाले.

परंतु एक गोष्ट पाहा. पाऊस पडला, रानात गवत उगवले, की छावणी रिकामी होते. हजारो जनावरे आपापल्या घरी परत जातात. हे कशामुळे होते? छावणीत जनावराचा मालक बदलत नाही. त्याला फक्त अडचणीच्या महिन्यांपुरता हात दिला जातो. जनावर बेवारशी होतच नाही. मघाचे गणित आठवा. येथे मुक्कामाला शेवट आहे.

हाच धडा दूर इजिप्तमध्येही मिळाला होता. पहिल्या महायुद्धानंतर सैन्यातले हजारो घोडे तेथे विकून टाकले गेले. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई कैरोत राहायला आली. हाडांचे सापळे झालेले, म्हातारे, आंधळे घोडे दगडांच्या गाड्या ओढताना तिने पाहिले. १९३१ मध्ये तिने लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' वर्तमानपत्राला पत्र लिहिले. देणग्या आल्या. त्या पैशांतून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना वेदनेतून सोडवणे एवढेच करता आले.

पण ते घोडे ओढत होते त्या गाड्यांचे काय? गाडीवाल्याचे पोट गाडीवर होते. एक घोडा गेला की त्याला दुसरा आणावा लागणार होता, आणि तोही अर्धपोटी राहून तसाच झिजणार होता. तो गाडीवाला स्वतःही अर्धपोटीच होता. विकत घेऊन घेऊन किती घोडे घेणार? म्हणून १९३४ मध्ये डोरोथीबाईंनी कैरोत प्राण्यांचे रुग्णालय काढले. गरीब मालकांच्या घोड्यांवर आणि गाढवांवर तेथे फुकट उपचार होऊ लागले. घोडा बरा झाला की मालकाबरोबर कामावर परत जाई. आपल्या परळच्या हॉस्पिटलासारखीच ही रीत होती. या कामातूनच उभी राहिलेली संस्था आज भारतात आणि पाकिस्तानातही काम करते.

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. कुत्र्यांना कोंडून ठेवावे की रस्त्यावर राहू द्यावे, हा वाद तुम्ही ऐकला असेल. कुत्रा चावण्याची भीती खरी आहे. रेबीज झालेला माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. ही भीतीही गरिबांच्याच वाट्याला जास्त येते. त्यांची मुले रस्त्यावर खेळतात, पायी शाळेत जातात आणि उघड्या कचऱ्याचे ढीगही त्यांच्याच वस्तीजवळ असतात. म्हणून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "कुत्री उचलून न्या," तर त्याला चूक ठरवता येणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री आसराघरांत ठेवण्याचा आदेश दिला होता. थोड्याच दिवसांत तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा त्याच भागात सोडावीत, फक्त पिसाळलेली आणि हल्ला करणारी कुत्री सोडू नयेत, असे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतली कुत्री आसराघरांत हलवण्यास सांगितले.

मुंबईत २०१४ च्या गणनेत रस्त्यावरची सुमारे ९५ हजार कुत्री मोजली गेली होती. पाचशे कुत्र्यांचे एक आसराघर धरले, तर एवढ्या कुत्र्यांसाठी किती आसराघरे लागतील? भागाकार करून पाहा. एकशे नव्वद! प्रत्येकाला जागा हवी, पाणी हवे, डॉक्टर हवेत, आणि कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. मुंबईत शाळेला मैदान मिळणे कठीण, तेथे हे जमणे किती कठीण ते तुम्हीच ठरवा.

नसबंदीचा मार्ग संथ आहे. निम्मीशिम्मी कुत्री सुटली तर उपयोग होत नाही, कारण उरलेल्यांची पिल्ले काही महिन्यांत ती जागा भरून काढतात. नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा ओळखता यावा म्हणून त्याच्या कानाला लहानशी खाच पाडतात. उद्या शाळेतून घरी जाताना तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान पाहा. लांबूनच पाहा, हात लावू नका. किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे आणि किती कुत्र्यांच्या नाही, हे वहीत लिहून आणा. मग शेजारच्या उच्चभ्रू वस्तीत राहणाऱ्या एखाद्या मित्राला त्याच्या रस्त्यावर हीच मोजणी करायला सांगा आणि दोन्ही आकडे वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.