परसातील बदके : इतिहासाने सोपविलेली एक जबाबदारी

आठवडी बाजारात किंवा जत्रेत बदकांची पिवळी पिल्ले विकावयास येतात. मुले हट्ट धरतात, पालकांचे मन द्रवते आणि एक पिल्लू घरी येते. दोन-तीन महिन्यांत ते पूर्ण वाढते, त्याचा आवाज वाढतो, अंगण घाण होऊ लागते. मग 'बिचाऱ्याला मोकळे करू' असे म्हणून त्यास गावच्या तळ्यात सोडून देण्यात येते. ही कृती भूतदयेची आहे असे बहुतेकांस वाटते. ती तशी का नाही, हे कळण्यासाठी बदकाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरामागे आज थोडीबहुत मोकळी जागा आहे व त्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत. त्यांच्यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

१. रानातून परसात

जगभर पाळल्या जाणाऱ्या बदकांच्या जवळजवळ सर्व जाती मॅलार्ड या एकाच रानबदकापासून निर्माण झाल्या आहेत. अपवाद मस्कोव्ही बदकाचा. ते मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील असून मॉस्को शहराशी त्याचा संबंध नाही. मॅलार्ड हे दूरवर स्थलांतर करणारे, उत्तम उडणारे पाखरू. त्यास माणसाळविण्याचे काम चीनमध्ये फार प्राचीन काळी झाले. युरोपात मात्र ते बराच काळ अर्धे रानटीच राहिले असावे. इ. स. पू. ३७ च्या सुमारास रोमन लेखक व्हॅरो याने शेतीवर ग्रंथ लिहिला. बदकांच्या आवारावर वरून जाळे घालावे, म्हणजे गरुड आत येणार नाही आणि बदके बाहेर उडून जाणार नाहीत, असा सल्ला त्यात आहे. बदके उडून जातील ही भीती तेव्हा खरी होती, एवढे यावरून स्पष्ट होते.

त्यानंतर सुमारे शतकभराने कोल्युमेला या दुसऱ्या रोमन लेखकाने एक युक्ती सांगितली : पाणथळीतील रानबदकांची अंडी गोळा करून कोंबडीखाली उबवावीत, म्हणजे पिल्लांचा रानटीपणा नाहीसा होतो. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत आपल्या खेड्यांतही परिचयाची आहे. फरक इतकाच की कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत बाहेर येतात, बदकाची २८ दिवसांत. त्यामुळे कोंबडीस आठवडाभर अधिक बसावे लागते.

२. माणसाने काय मिळविले, पक्ष्याने काय गमावले

१८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी बदकाच्या हाडांचा दाखला दिला आहे. त्यांनी रानबदक व पाळीव बदक यांच्या हाडांची वजने ताडून पाहिली. संपूर्ण सांगाड्याच्या प्रमाणात पाळीव बदकाच्या पंखांची हाडे हलकी आणि पायांची हाडे जड भरली. पाळीव बदक उडते कमी आणि चालते अधिक, हे त्याचे कारण त्यांनी दिले. या कारणाची मीमांसा पुढील शास्त्रज्ञांनी निराळ्या रीतीने केली. पण निरीक्षण टिकून आहे. माणसाच्या सहवासाचा इतिहास या पक्ष्याच्या हाडांवरच लिहिला गेला आहे.

दुसरे उदाहरण खाकी कॅम्पबेल या जातीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी 'इंडियन रनर', 'रूआन' व मॅलार्ड यांच्या संकरातून ती निर्माण केली. ('इंडियन' हे नाव फसवे आहे, रनर बदके मूळची जावा-बाली-लोंबोक या बेटांकडील.) चांगली निगा राखल्यास ही मादी वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. रानातील मादी विणीच्या हंगामात साधारण दहा-बारा अंडी घालते, त्यांवर बसते आणि पिल्ले वाढविते. खाकी कॅम्पबेल मादी सहसा अंड्यांवर बसतच नाही. जी अंडी उबवावयास बसते ती तेवढे दिवस अंडी देत नाही. म्हणून अंड्यांच्या संख्येसाठी निवड करताना उबविण्याची प्रवृत्ती मागे पडत गेली.

सारांश, पाळीव बदकाचे आकाश गेले आणि पुष्कळ जातींच्या बाबतीत मातृत्वाचा मोठा भागही गेला. दोन्ही माणसाच्या सोयीसाठी गेले. अशा जिवास तळ्यात 'स्वतंत्र' करणे म्हणजे ज्याचे पाय बांधले त्यास शर्यतीत सोडण्यासारखे आहे. पांढरे, जड, उडता न येणारे बदक भटक्या कुत्र्यांच्या तोंडी सहज पडते. शिवाय तळ्यावरील रानपक्ष्यांनाही त्याचा धोका असतो. आपल्याकडील जलाशयांवर दिसणारे हळदी-कुंकू बदक हे मॅलार्डच्या जवळच्या नात्यातले आहे. अशा नात्यांत संकर घडतो, आणि रोगांची देवाणघेवाणही होते. ज्ञानाची जोड नसलेली करुणा दोन्ही बाजूंचे नुकसान करते.

३. संगोपनाचे नियम

(अ) संख्या. बदक हा थव्याने राहणारा पक्षी आहे. एकटे बदक कधीही पाळू नये. किमान तीन असावीत. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरेसा होतो. नर अधिक झाल्यास माद्यांना इजा होते.

(आ) पिल्ले. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी कमी करावी. विजेचा दिवा एका कोपऱ्यात टांगावा, म्हणजे पिल्ले हवी तेव्हा जवळ येतात, नको तेव्हा दूर जातात. सर्व पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी आहे, कडेला पांगली तर जास्त आहे असे समजावे. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पोहण्यासाठी खोल पाण्यात सोडू नये. त्यांची लव भिजते आणि ती गारठून मरतात.

(इ) पाणी. तळे नसले तरी चालते. पण चोच नाकपुड्यांसह बुडेल इतके खोल भांडे हवेच. बदक नाकपुड्या व डोळे पाण्यानेच स्वच्छ ठेवते. खाद्याशेजारी पाणी नसेल तर घास घशात अडकतो. मोठ्या बदकांना अंघोळीसाठी पसरट टाकी द्यावी. पाणी रोज बदलावे आणि गढूळ पाणी केळी-नारळीच्या आळ्यात सोडावे. झाडांना खत आपोआप मिळते.

(ई) खाद्य. तांदळाच्या कण्या, गव्हाचा कोंडा, चिरलेला पाला, गांडुळे, गोगलगायी हे बदकाचे अन्न. अंड्यांवर आलेल्या मादीस शिंपल्यांचा चुरा द्यावा. पाव व फरसाण देऊ नये. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड तर कदापि नको. अशा बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषाची बाधा बदकाच्या पिल्लास इतकी चटकन होते की एकेकाळी ते विष ओळखण्याच्या चाचणीसाठी प्रयोगशाळांत हीच पिल्ले वापरली जात.

(उ) निवारा. रात्री कुत्री, मुंगूस व रानमांजर यांपासून रक्षण करणारे, घट्ट जाळीचे, हवेशीर खुराडे हवे. जमीन कोरडी असावी व तीवर भुसा किंवा पेंढा पसरावा. खडबडीत फरशीने तळव्यांना जखमा होतात. बदके बहुधा पहाटे व सकाळी नऊच्या आत अंडी घालतात. तोवर त्यांना आतच ठेवावे, नाहीतर अंडी झुडपांत शोधावी लागतात. अंडी पूर्ण शिजवूनच खावीत.

(ऊ) आरोग्य. बदकांच्या प्लेगवर लस आहे. ती केव्हा द्यावी, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली होती, हे अनेकांस स्मरत असेल. लक्षणे न दिसताही बदक या रोगाचा विषाणू वाहू शकते. म्हणून बदके हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा नियम लहान-थोर सर्वांनी पाळावा. अचानक पक्षी मरू लागल्यास ते झाकून न ठेवता दवाखान्यास कळवावे.

(ए) कायदा. रानबदके अथवा त्यांची अंडी धरून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. पाळावयाची ती पाळीव जातीचीच बदके.

४. परस आणि पोट

बदकपालन हा केवळ छंदाचा विषय नाही. पश्चिम बंगाल, आसाम, केरळ या राज्यांत ते असंख्य लहान कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहे. केरळातील कुट्टनाड भागात भाताची कापणी झाल्यावर बदकांचे कळप शेतांतून चारत नेतात. सांडलेले दाणे, किडे, गोगलगायी यांवर ते पोसले जातात. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, अशा माणसांचे हे चालतेबोलते भांडवल आहे. जमीन दुसऱ्याची, पण कळप स्वतःचा. आपल्या आज्या-पणज्यांनी दोन कोंबड्या व एका शेळीच्या आधारावर संसार कसे सावरले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस हा अर्थव्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून हौसेने पाळणाऱ्यानेही हिशेबाची वही ठेवावी. किती खाद्य लागले व किती अंडी मिळाली हे लिहिल्याने मुलांचे गणित आणि श्रमाविषयीचा आदर दोन्ही वाढतात.

५. निर्णयापूर्वी एक प्रश्न

चांगली निगा राखलेले बदक आठ-दहा वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगते. पाचवीतील मुलासाठी आणलेले पिल्लू तो पदवीधर होईपर्यंत अंगणात असू शकते. मादीचे अंडी देणे त्याआधीच कमी होत जाते. तेव्हाही तिला दाणापाणी मिळेल काय? सुटीत घर बंद असताना कोण पाहील? शेजाऱ्यांना आवाज सोसवेल काय? उत्तरे कुटुंबाने एकत्र बसून, मुलांसमक्ष ठरवावीत. उत्तर 'नाही' आले तर बदक न आणणे हीच खरी दया होय, आणि ते मुलांस समजावून सांगणे हेही शिक्षणच आहे.

स्वाध्याय

१. मोठ्याने 'क्वॅक' करते ती मादी, घोगरा व दबका आवाज काढतो तो नर. नराच्या शेपटीवर वळलेली पिसेही असतात. आपल्या परिसरातील बदकांचे निरीक्षण करून नर व माद्या वेगळ्या ओळखा.

२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी घरी कोणते पशुपक्षी होते, त्यांची निगा कोण राखी व त्यांतून आलेला पैसा कशासाठी खर्च होई? एक पान लिहा.

३. कुत्रा, गाय, कोंबडी, रेशीमकिडा यांपैकी एक निवडा. माणसाच्या सहवासात त्याने काय मिळविले व काय गमावले, याचे दोन रकाने करा. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक नोंदीपुढे आपले एक कर्तव्य लिहा.